दारूचा पत्ता

जपानी भाषेत ‘जिझाके’ म्हणून एक शब्द आहे. ‘जि’ म्हणजे जमीन, ती ती जागा. ‘झाके’ म्हणजे साके, तांदळाची दारू. त्या त्या गावची, त्या त्या खोऱ्यातली साके म्हणजे जिझाके. आता याचं सरळ मराठी करायला गेलं तर काय होतं? ‘गावठी’! जपानी माणूस जिझाके म्हणताना जरा खुलतो, पाहुण्याला ‘आमच्याकडची घेऊन बघा’ असा आग्रह करतो. आपण ‘गावठी’ म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर टायरची ट्यूब येते, हातभट्टी येते, पोलिसांनी ओतून दिलेल्या रसायनाचा पेपरातला फोटो येतो. अर्थ तोच, पण एका शब्दाला मान आणि दुसऱ्याची लाज.

यावर नेहमीचं उत्तर असं, की जपानी लोक शिस्तीचे, आपले लोक बेवडे. मला हे उत्तर मान्य नाही. (रात्री अकराच्या लोकलमधे टाय सैल करून आडवे पडलेले जपानी साहेब ज्यांनी बघितलेत त्यांनाही मान्य होणार नाही. :) ) माझं म्हणणं वेगळं आहे. चवीनं पिणं हा काही श्रीमंतांचा चोचला नाही किंवा स्वभावगुण नाही. चव घ्यायची तर दारूला आधी पत्ता लागतो. कशाची केली, कुठल्या पाण्यात केली, कुणी केली, कधी केली. पत्ता नसलेल्या दारूत चव घेण्यासारखं काही उरत नाही, फक्त चढणं उरतं. आणि आमच्या अणदूरकडच्या दारूचा पत्ता आपोआप हरवलेला नाही. तो कसा गेला त्याला इतिहास आहे.

आधी साकेबद्दल, कारण त्यामुळेच हे सगळं डोक्यात आलं. हिरोशिमाजवळ साइजो नावाचं गाव आहे, आता ते हिगाशी-हिरोशिमा शहरात मोडतं. ऑनसाइटला गेलेल्या माणसाला शनिवार-रविवार खायला उठतात, त्यामुळे लोकल पकडून कुठंतरी जायचं हा माझा उद्योग. हिरोशिमाहून पाऊण तासाच्या आत साइजो येतं. स्टेशनबाहेर पडलं की विटांच्या उंच चिमण्या आणि पांढऱ्या भिंती दिसायला लागतात. या साके गाळणाऱ्या जुन्या पेढ्या, त्यांना ‘कुरा’ म्हणतात. चालत चालत एका दुपारात अर्धा डझन होतात. (झाल्यावर चालणं जरा कमी होतं, ते सोडा.)

मी गेलो त्या पहिल्याच ठिकाणी साके मागितली तर हातात आधी पाणी दिलं. साधं, त्यांच्या विहिरीचं. गावातल्या कितीतरी कुरांनी आपल्या विहिरीचं पाणी बाहेर नळ काढून लोकांसाठी मोकळं ठेवलंय. लोक कॅन घेऊन येतात, भरून नेतात. सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या, तुळजापूर तालुक्यातल्या, टँकर बघत मोठा झालेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको.

आणि पाण्याची गोष्ट उगाच नाही. हिरोशिमाकडचं पाणी मृदू आहे, त्यात क्षार कमी. जुन्या काळी समज असा, की चांगली साके जड पाण्याचीच होते, कारण त्यातल्या क्षारांवर यीस्ट जोरात वाढतं. कोबेजवळचं नादा याच पाण्यावर मोठं झालं. हिरोशिमाकडच्या मृदू पाण्यात आंबवण रेंगाळायचं, नासायचं. मिउरा सेन्झाबुरो नावाच्या तिथल्याच एका साकेवाल्यानं वर्षानुवर्षं खपून यावर तोड काढली. बुरशी नीट वाढू द्यायची, मग थंडीत, सावकाश, घाई न करता आंबवायचं. दोष होता तोच गुण झाला, साके उलट जास्त नाजूक आणि सुवासिक व्हायला लागली. आणि या गृहस्थानं ही पद्धत लपवून ठेवली नाही, १८९८ मधे पुस्तिका लिहून सगळ्यांसाठी मोकळी केली. आमच्या धंद्यात ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात आणि जे कुणीच लिहीत नाही, ते! १९०७ मधे देशपातळीवरची पहिली साके स्पर्धा झाली तेव्हा हिरोशिमावाल्यांनी वरचे नंबर पटकावले.

साके कशी करतात ते थोडक्यात. द्राक्षात साखर असते, यीस्ट टाकलं की वाइन. तांदळात साखर नाही, स्टार्च आहे. म्हणून वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात, ती स्टार्चची साखर करते. गंमत अशी, की बिअरसारखं आधी साखर आणि मग दारू असं दोन टप्प्यांत होत नाही. एकाच टाकीत एकीकडे कोजी साखर करतेय आणि त्याच वेळी यीस्ट ती खाऊन दारू करतंय. म्हणजे पॅरलल प्रोसेसिंग, आणि दोघांचा वेग जुळला नाही तर अख्खी टाकी वाया. जमलं तर नुसत्या आंबवण्यावर वीस टक्क्यांपर्यंत अल्कोहोल जातं, मग पाणी घालून पंधरा-सोळावर आणतात. त्याआधी तांदूळ घासतात. आपण घासतो तसा नाही. ‘दाइगिंजो’ म्हणवून घ्यायचं तर दाण्याचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग घासून टाकावा लागतो, कारण बाहेरच्या थरातल्या स्निग्धांश-प्रथिनांनी वास बिघडतो. हे घासायचं यंत्र साइजोच्याच साताके नावाच्या माणसानं १८९६ मधे केलं. त्या कंपनीची यंत्रं आज भारतातल्या राईस मिलमधे दिसतात. म्हणजे तुमच्या ताटातल्या कोलमचा आणि साकेचा असा एक चुलत संबंध आहे.

चव बघायला पांढरी चिनीमातीची वाटी देतात, तळाला निळी दोन वर्तुळं. निळ्या कडा स्वच्छ दिसल्या तर साके नितळ, पांढऱ्यावर रंग कळतो. आधी वास, मग छोटा घोट, जिभेवर फिरवायचा. कामोत्सुरु या जुन्या पेढीची सोन्याचा वर्ख टाकलेली एक साके प्रसिद्ध आहे. १९५८ पासून करतात आणि २०१४ मधे जपानच्या पंतप्रधानांनी ओबामांना तोक्योतल्या सुशीच्या दुकानात हीच पाजली होती. चांगली आहे. पण ते सोनं मला काही पटलं नाही, सोन्याला चव नसते. मला आवडली ती कामोइझुमीची, नुसत्या तांदळाची. कोळशानं फार गाळत नाहीत, म्हणून रंग किंचित पिवळसर. कोमट करून दिली. नाकाशी नेली तर अढीत केळी पिकायला घातलेल्या खोलीचा वास, तोंडात भाताच्या पेजेचा दाटपणा, मागे ताकाचा आंबटपणा, आणि गिळल्यावर बराच वेळ जिभेवर रेंगाळणारं काहीतरी, जे मटणाच्या रश्शात असतं. हे शब्द कुठल्या माहितीपत्रकातले नाहीत, आमच्या घरातले आहेत. तिथं जे छापील वर्णन होतं त्यात खरबूज आणि पांढरी फुलं होती. ती मला काही सापडली नाहीत.

आता कुणी म्हणेल, बघा, यांची परंपरा किती थोर. थांबा जरा.

जपान सरकारनं १८९९ मधे घरी दारू गाळायला सरसकट बंदी घातली. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या घरी ‘दोबुरोकु’ करायचे, न गाळलेली, दुधाळ, आपल्या आंबिलीच्या नात्यातली. ती रातोरात गुन्हा झाली. नीती-बितीसाठी नव्हे, करासाठी. त्या सुमाराला सरकारच्या कर उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग दारूतून यायचा. पुढे महायुद्धाच्या काळात तांदूळ संपला, तेव्हा साकेत बाहेरचं अल्कोहोल, ग्लुकोज आणि आंबटपणासाठी ॲसिड घालून तिची तिप्पट करायची युक्ती निघाली. युद्ध संपलं, तांदूळ आला, पण युक्ती काही गेली नाही. कित्येक दशकं जपानी माणूस हेच पीत होता. म्हणजे चक्क त्यांची ‘देशी’. २००६ च्या कायदाबदलानंतर कुठं हे प्रकरण साके या नावाखाली विकायचं बंद झालं.

शिवाय सरकारी प्रती होत्या. विशेष, पहिली, दुसरी. तपासणीला पाठवली आणि पास झाली तर वरची प्रत, कर जास्त. पाठवलीच नाही तर आपोआप दुसरी प्रत. १९७७ मधे मियागीच्या इचिनोकुरा या पेढीनं आपली चांगली साके मुद्दाम तपासणीला पाठवलीच नाही, ‘मुकान्सा’, म्हणजे न तपासलेली, असं नाव छापून दुसऱ्या प्रतीत विकली. लोकांनी चव बघितली आणि रांग लावली. तो सगळा प्रतींचा कारभार शेवटी १९९२ मधे मोडीत निघाला. तर जिझाकेचा मान हा असा भांडून मिळवलेला आहे.

पण एक गोष्ट जपान सरकारनं केली. १८९९ मधे घरची दारू बंद केली आणि १९०४ मधे दारू आंबवण्याच्या शास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था काढली. तीच संस्था १९९५ पासून हिगाशी-हिरोशिमात आहे. चांगल्या पेढ्यांमधलं यीस्ट शोधून, नंबर देऊन, ते देशभरातल्या पेढ्यांना वाटायची पद्धत सुरू झाली. पाच नंबरचं यीस्ट याच कामोत्सुरुतून आलेलं आहे. (व्हर्जन नंबर आणि सामायिक रिपॉझिटरी, शंभर वर्षांपूर्वी!) म्हणजे ज्या दारूतून पैसा घेतला, त्यातला थोडा त्या दारूच्या ज्ञानात परत घातला.

आता आमच्याकडे या.

मराठवाड्यात अजूनही काँट्रॅक्टरला ‘गुत्तेदार’ म्हणतात. रस्त्याचा गुत्तेदार, शाळेच्या खोल्यांचा गुत्तेदार. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. शब्द तेलुगू-कानडीकडून आलेला. आणि उरलेल्या महाराष्ट्रात ‘गुत्ता’ म्हटलं की एकच अर्थ, दारूचं दुकान, तेही हलकं. पिण्याच्या जागेचं नाव पेयावरून पडलं नाही, पिणाऱ्यांवरून नाही, करणाऱ्यावरूनही नाही. सरकारला पैसे भरून घेतलेल्या मक्त्यावरून पडलं! जपानीत ‘कुरा’ म्हणजे कोठार, जिथं माल तयार होतो आणि साठतो. आपल्याकडे ‘गुत्ता’ म्हणजे वसुली. या दोन शब्दांत माझा निम्मा लेख झाला.

आमच्या भागाची खरी जिझाके म्हणजे शिंदी. ओढ्याकाठी, पाणथळीला वाढणारं शिंदीचं झाड, खजुराचं रानटी भावंडं. खोडाला वरच्या बाजूला खाच पाडून मडकं बांधायचं. पहाटे उतरवला तर गोड रस, ती नीरा. ऊन चढलं की हवेतलं यीस्ट आणि जिवाणू कामाला लागतात, दुपारपर्यंत फेस, चार-पाच टक्के अल्कोहोल, दुसऱ्या दिवशी आंबट, मग सरळ शिरका. हिला कोजी नको, तांदूळ घासायला नको, टाकी नको. पण हिला दिवसाचे प्रहर आहेत. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची शिंदी ही तीन वेगवेगळी पेयं आहेत. पारख करायला याहून चांगलं काय पाहिजे?

अणदूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव). आबकारी हे निजाम सरकारचं मोठं उत्पन्न आणि त्याचा पाया म्हणजे शिंदीची झाडं. झाडं आणि दुकानं मक्त्यानं द्यायची. जो जास्त बोली लावणार त्याचा गुत्ता. मग गुत्तेदार बोली वसूल करायला काय करणार? जास्त विकणार, पाणी घालणार. रस कुठल्या ओढ्याकाठचा, कुणी उतरवला, हे विचारायची सोयच राहिली नाही. इंग्रजांच्या मुलखातही निराळं नव्हतं. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या मक्तेदारांच्या हातात दिली. १८९२ मधे ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं बाळगण्यावरच कायदा आला. फुलं!

पुढचं तर आमच्याकडे म्हाताऱ्यांना तोंडपाठ असायचं. १९४७ मधे स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थान भारतात विलीन करण्याचा लढा पेटला, त्यातला एक ठरलेला कार्यक्रम म्हणजे शिंदीची झाडं तोडणं. निजामाच्या तिजोरीवर कुऱ्हाड. मराठवाड्यात गावोगाव शिंदीबनं पडली. मला याचा अभिमान आहे आणि तो राहणार. त्या झाडांच्या रसातून रझाकारांच्या बंदुका येत होत्या, ती तोडलीच पाहिजे होती. पण हेही खरं, की त्या कुऱ्हाडीखाली आमच्या भागाचं स्वतःचं म्हणावं असं एकमेव पेयही गेलं. वाचलेल्या शिंदीचे आज फडे होतात, अंगण झाडायला.

त्यानंतर आला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो नाव बदलून आजही महाराष्ट्रात आहे. त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो आणि परवान्यावर कारण असतं, आरोग्य राखण्यासाठी! ज्या कायद्यात पिण्याचं खरं कारण लिहायलाच जागा नाही, तिथं चवीबद्दल कोण बोलणार?

मग आता अणदूरला, नळदुर्गला, कुठल्याही बसस्टँडमागे मिळतं ते काय? ‘देशी’. या शब्दाइतका खोटा शब्द मराठीत दुसरा नसेल. देशी म्हणजे उसाच्या मळीपासून कारखान्यात काढलेलं स्पिरिट, पाणी आणि संत्र्याबिंत्र्याचा वास. मळी कुठल्या कारखान्याची, ऊस कुठल्या शिवारातला, पाणी कुठलं, काही नाही. देश सोडून सगळं आहे तिच्यात. तिची ताकद ४२.८ टक्के. आता योगायोग बघा, गोव्याच्या काजूफेणीचीही साधारण तेवढीच, ४२.८! तीच ताकद, तेच अल्कोहोल. पण फेणीला पत्ता आहे. काजूची बोंडं झाडावरून तोडायची नाहीत, पिकून पडलेली वेचायची. तुडवून रस, तो मडक्यात आंबवून पहिल्या वाफेची हुर्राक, पुन्हा भट्टीत चढवली की फेणी. हुर्राक मार्च ते मे, नंतर विचारू नका. २००९ मधे काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मधे गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. तोवर तीही कायद्याच्या भाषेत ‘कंट्री लिकर’च होती.

आमच्या मराठवाड्यात दारूचे मोठे कारखाने नाहीत असं नाही. औरंगाबादेला (आता छत्रपती संभाजीनगर) आहेत की, बिअरचे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं या कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. त्या बिअरमधे मराठवाड्याचं म्हणावं असं काय असतं? पाणी. बाटलीवर कुठल्या गावच्या, कुठल्या धरणाच्या पाण्याचं नाव बघितलंय का कधी? साइजोत पाण्याची विहीर पाहुण्याला आधी दाखवतात.

बरं, आपल्या लोकांना चव कळत नाही असंही नाही. सुट्टीला आलो तेव्हा साकेची एक छोटी बाटली गावी घेऊन गेलो होतो. आमचे तात्या (माझे चुलते) माळकरी, थेंब घेणार नाहीत. पण बघायची उत्सुकता दांडगी.

“कशाची हाय?”

“तांदळाची, तात्या. जपानची.”

झाकण काढून नाकाशी धरली, डोळे मिटले. “भाताचं निवळ उतू गेल्यावर चुलीचा वास येतो बघ, तसं वाटतंय. अन्‌ मागून केळं.” थोडं थांबून, “नासलेलं न्हाई पर.”

मी थक्क. साइजोतल्या पेढीवाल्यानं हे ऐकलं असतं तर तात्यांना ठेवूनच घेतलं असतं. शेजारी बसलेला आमचा एक दोस्त, जो रोज ‘नव्वद’ मारतो, त्यानं मात्र घोट घेतला आणि एकच विचारलं, “चढंल कवा?” आता फरक बघा. ज्यानं आयुष्यात दारू घेतली नाही त्याला वास उलगडता आला आणि जो रोज घेतो त्याला प्रश्नच पडला नाही. त्यात दोस्ताचा दोष नाही. त्याच्या बाटलीत उलगडण्यासारखं कधी काही नव्हतंच. तोच माणूस हुरड्याच्या दिवसात एक दाणा चावून गुळभेंडी का सुरती ते सांगतो. मालदांडीची भाकरी कुणाच्या रानातल्या ज्वारीची ते ओळखतो. खव्यात पीठ मिसळलेलं नखावर घासून पकडतो. जिथं मालाला पत्ता आहे तिथं जीभ चालते.

आता यावरचा खरा आक्षेप, आणि तो हलका नाही. गावातली कुठलीही बाई म्हणेल, तुम्हा पुण्यात राहणाऱ्यांना वास घ्यायला काय जातंय, आमच्या घरात भांडी फुटतात. महाराष्ट्रात दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवी केली की दुकान बंद. मला ही पद्धत मनापासून पटते. मला मत असतं तर (नसतं, ते फक्त बायकांना असतं, आणि बरोबर आहे) मीही आडव्या बाटलीवरच शिक्का मारला असता. अणदूरातच हॅलो मेडिकल फाउंडेशनचं गावोगावच्या बायकांच्या आरोग्याचं काम आहे. अशा कामात दारू रोज समोर येते, वासाच्या नव्हे, माराच्या रूपात. आणि चवीनं प्यायल्यानं लिव्हर वाचतं असंही कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मधे स्पष्टच सांगितलंय की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. साकेलाही ते लागू आहे.

तरीही मला वाटतं, की आडवी बाटली आणि पत्ता असलेली बाटली या एकमेकींच्या विरोधात नाहीत. आडवी करायची ती गुत्त्याची बाटली. कारण माणसं मारणारी दारू नेमकी बेपत्ता असते. मुंबईत २००४ मधे विक्रोळीला आणि २०१५ मधे मालवणीला हातभट्टी पिऊन माणसं गेली, मालवणीत तर शंभरावर. ते मिथेनॉल होतं. पिणाऱ्याला, विकणाऱ्याला, कुणालाच बाटलीत काय आहे ते सांगता येत नव्हतं. आमच्या सीमेपलीकडे तेलंगणात ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेट घातलेलं पाणी विकलं जातं. झाडं तेवढीच आणि पिणारे दसपट झाले की आणखी काय होणार? लोक त्याच्या एवढे आहारी जातात, की ती ताडी बंद झाली की दवाखाने भरतात. झाडाचा नंबर, उतरवणाऱ्याचं नाव आणि वेळ बाटलीवर लिहायची सक्ती असती तर हे लपवणं अवघड गेलं असतं.

सरकारचं चाललंय तरी काय? २०२१ मधे मोहाची फुलं गोळा करण्यावरची आणि वाहतुकीवरची बंधनं उठवली, हे चांगलं केलं. २०२२ मधे मध्य प्रदेशनं आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून परवानगी दिली. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं काय ठरवलं? काजूबोंडं, मोहाची फुलं यांपासून केलेल्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा! हेतू चांगला असेल, ‘देशी’च्या कप्प्यातून बाहेर काढल्याशिवाय बाजार मिळत नाही हेही समजतं. पण गंमत बघा. गडचिरोलीच्या रानातलं फूल, तिथल्याच माणसानं गाळलेलं, त्याला मान द्यायचा तर आधी विदेशी म्हणावं लागतं. आणि कुठल्याच शिवाराची नसलेली मळी ती देशी! जपान्यांच्या दुसऱ्या प्रतीवर हसायचं का यावर?

मला दुकानं वाढायला नको आहेत. मला नियम उलटे हवे आहेत. मोठ्या कारखान्याला सोपं आणि ओढ्याकाठच्या माणसाला अशक्य, असं आज आहे. जपाननं २००३ मधे काही ग्रामीण भागांत ‘दोबुरोकु विभाग’ जाहीर केले, म्हणजे शंभर वर्षं गुन्हा असलेली घरची दुधाळ साके, स्वतःच्या तांदळाची, स्वतःच्या खानावळीत किंवा पाहुणघरात, थोड्या प्रमाणात, तपासणीखाली करायला परवाना. कर तरीही भरावा लागतो. आकडा लहान, पण करणाऱ्याचं नाव दारावर. असं काही आपल्याकडे मोहाला, शिंदीला, जांभळाला का नसावं? एखाद्या कृषी विद्यापीठानं आमच्या भागातल्या शिंदीच्या रसातलं यीस्ट वेगळं करून नंबर दिला तर कुणाचं काय बिघडणार आहे?

आणि दारूचं नावच नको असेल तर नीरेपासून सुरुवात करा. ती कायदेशीर आहे, तिच्यात अल्कोहोल नाही, स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर तिची केंद्रं आपण सगळ्यांनी बघितली आहेत. मडक्याला आतून चुना लावला आणि रस थंड ठेवला की आंबणं लांबतं. केंद्रावर जा आणि ग्लास घेऊन विचारा, कुठल्या झाडाची, किती वाजता उतरवली. मी अशी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिली. एका ठिकाणी माणूस माझ्याकडे बघतच राहिला, मग म्हणाला, “साहेब, तुम्ही आबकारीचे का?”